पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर: लागणाऱ्या लायब्रऱ्या सोबत द्याव्यात का, आणि कोणत्या?

कणकुंबी_रोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गावोगावच्या वाचनालयांसाठी एक मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. पुस्तकनोंद, देवघेव आणि पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायचं लेबल, मराठी-कन्नड दोन्हींत. सी++ भाषेत, क्यूटी ५.१५ (खिडक्या, बटणं, छपाई पुरवणारा लायब्ररी-संच) वापरून लिहिलेला. डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये, अकारविल्हे लावायला आयसीयू (भाषांचे नियम सांभाळणारी), बॅकअपला लिबझिप, बारकोडला सी भाषेतली एक छोटी लायब्ररी (लायब्ररी म्हणजे इथे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, वाचनालय नव्हे). परवाना जीपीएल ३.

लावायचा आहे जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, शिवाय निपाणी आणि चिकोडी तालुक्यांतल्या वाचनालयांत. मशीन म्हणजे कुणी दिलं ते: विंडोज ७ (३२ बिट), विंडोज १०, उबुंटू २०.०४ आणि २२.०४, एकदोन ठिकाणी डेबियन १२. पावसाळ्यात त्या पट्ट्यात लाइट आणि रेंज दोन्ही बेभरवशाची, त्यामुळे "आधी या आठ गोष्टी नेटवरून इन्स्टॉल करा" हे वाचा-मला फाइलमधलं वाक्य निरुपयोगी आहे. पेनड्राइव्ह जातो, तिथला ग्रंथपाल तो लावतो, एवढंच गृहीत धरायचं.

उबुंटू २२.०४ वर बांधलेली बायनरी (कोडपासून तयार झालेली चालणारी फाइल) २०.०४ वर नेली की "जीलिबसी २.३४ सापडली नाही" म्हणते (जीलिबसी म्हणजे लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी). विंडोज ७ वर "एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम" नावाची डीएलएल (विंडोजची लायब्ररी-फाइल) नाही म्हणते. विचारायचं असं:

सगळ्या लायब्रऱ्या सोबत भराव्यात का? कोणत्या भरू नयेत? आणि पुढे सांभाळायला त्रास होणार नाही अशी मांडणी कशी करायची?

---

दुवाजोड_बेळगाव

लिनक्सपुरतं सांगतो, विंडोजवाले येतीलच.

आधी तुमच्या जीलिबसीच्या चूक-संदेशाबद्दल. जीलिबसी सोबत भरून हा प्रश्न सुटत नाही, तो प्रयत्नच करू नका. जीलिबसी आणि तिचा लोडर (एलडी-लिनक्स, प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या शोधून जोडणारा) ही जोडी एकाच आवृत्तीची लागते, आणि लोडरचा पत्ता बायनरीत पूर्ण पाथ म्हणून कोरलेला असतो. नवी जीलिबसी जुन्या लोडरखाली घातलीत तर प्रोग्रॅम मेन फंक्शनपर्यंत पोचायच्या आधीच कोसळतो.

जीलिबसी मागच्या आवृत्त्यांशी इमान राखते, पुढच्यांशी नाही. जुनीवर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य जीलिबसीतच विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनला नवा आवृत्ती-शिक्का मिळाला. त्यामुळे २२.०४ वर (तिथे २.३५ आहे) दोन ओळींचा प्रोग्रॅम बांधलात तरी तो २.३४ मागणारच. तुमच्या कोडमध्ये काही नवीन वापरलंय असं शोधत बसू नका.

म्हणजे सगळ्यात जुन्या लक्ष्य-मशीनइतक्या जुन्या प्रणालीवर बांधायचं. तुमच्या यादीत सर्वांत जुनं उबुंटू २०.०४, तिथे जीलिबसी २.३१. पण २०.०४ च्या भांडारात क्यूटी ५.१२ आहे. डेबियन ११ मध्ये जीलिबसी तीच २.३१ आणि क्यूटी ५.१५.२. म्हणून डेबियन ११ चा कंटेनर (आपल्याच मशीनच्या आत वेगळी ठेवलेली प्रणाली; पॉडमन किंवा डॉकर, काहीही) घ्या, बांधणी फक्त त्यातच करा. तुमच्या रोजच्या लॅपटॉपवर बांधलेली बायनरी बाहेर जाऊच द्यायची नाही. तपासायला ऑब्जडम्प मोठ्या टी पर्यायासह चालवा, त्यातून "जीलिबसी_" असलेल्या ओळी गाळून घ्या आणि सर्वांत मोठा आकडा बघा. २.३१ च्या वर काही दिसलं तर कुठेतरी गळती आहे.

आता काय भरायचं:

क्यूटीच्या लागतील तेवढ्या लायब्रऱ्या, आयसीयूच्या तिन्ही (यूसी, आय१८एन, डेटा), लिबझिप, बारकोडवाली, आणि क्यूटीला लागणाऱ्या बारीकसारीक: पीसीआरई२, डबल-कन्व्हर्जन, एमडी४सी असल्या. आयसीयू तर भरायलाच हवी. तिच्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीचा आकडा चिकटलेला असतो. २०.०४ वर ६६, डेबियन ११ वर ६७, २२.०४ वर ७०, डेबियन १२ वर ७२. एकीच्या जागी दुसरी कधीच चालत नाही आणि फाइलचं नाव बदलून सॉफ्टलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) देणाऱ्यांना "सिम्बॉल सापडला नाही" हेच उत्तर मिळतं.

काय भरायचं नाही: जीलिबसीचं सगळं कुटुंब, लिबजीएल आणि ईजीएल, डीआरएम, एक्स११ आणि एक्ससीबीचा गाभा (ही ग्राफिक आणि खिडक्यांची), फॉन्टकॉन्फिग, फ्रीटाइप, हार्फबझ (ही फॉन्टची), आणि लिब-एसटीडीसी++ (सी++ ची प्रमाण लायब्ररी) सुद्धा. या शेवटच्या नावावर लोक अडखळतात. ग्राफिक ड्रायव्हर हा यजमान (प्रोग्रॅम जिथे चालतो त्या) मशीनचाच असतो आणि तो प्रोग्रॅम चालू झाल्यावर त्याच प्रोसेसमध्ये येऊन बसतो. तुम्ही डेबियन ११ ची जुनी एसटीडीसी++ आधीच लोड करून ठेवलीत, आणि २२.०४ च्या ड्रायव्हरला नवी हवी असेल, तर "मेसा लोडर: ड्रायव्हर उघडता आला नाही" असा संदेश येतो आणि खिडकी काळी. फॉन्टकॉन्फिगचंही तसंच: तुमची जुनी प्रत यजमानाच्या नव्या सेटिंग फाइली वाचायला जाते आणि इशाऱ्यांचा पाऊस पाडते. डेस्कटॉप असलेल्या कुठल्याही मशीनवर ही मंडळी हजर असतातच, त्यांना तिथेच राहू द्या.

ही वगळायची यादी हाताने करायची गरज नाही. ॲपइमेज (सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलीत देण्याची पद्धत) प्रकल्प ती सांभाळतो आणि लिनक्सडिप्लॉय हे साधन ती वापरतं. त्याला क्यूटीचं प्लगइन (जोड-भाग) जोडून चालवा, ॲपडिर नावाचं फोल्डर तयार होतं.

फक्त ॲपइमेजपर्यंत जाऊ नका असं माझं मत. जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला लिबफ्यूज२ लागते आणि २२.०४ वर ती आपोआप येत नाही. म्हणजे नेट नसलेल्या गावात एक लायब्ररी टाळायला दुसरी मागितल्यासारखं झालं. "ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन" हा पर्याय देऊन चालवता येतं, पण ग्रंथपालाला टर्मिनल उघडायला लावणार का? त्यापेक्षा तेच ॲपडिर टार-एक्सझेड (दाबून बांधलेली एकच फाइल) करून द्या.

टारच का, ते पेनड्राइव्हमुळे. तो फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, त्यावर सॉफ्टलिंक टिकत नाहीत आणि "चालवण्याची परवानगी" साठवली जात नाही. सुटं फोल्डर कॉपी केलंत तर लायब्ररीच्या छोट्या नावाच्या सॉफ्टलिंका एकतर गायब, नाहीतर प्रत्येकीची पूर्ण प्रत. पेनड्राइव्हवरच सीएचमॉड मारून काही होत नाही. टार फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि तिथे उलगडायची, मग परवानग्या आणि लिंका जशाच्या तशा येतात.

---

चिकोडी_डेस्कटॉप

विंडोजचं मी घेते.

३२ बिटची एकच बांधणी करा, ती ६४ बिट विंडोज १० वरही चालते. दोन बांधण्या दिल्या की कुणीतरी एकीच्या डीएलएल दुसरीत टाकणार आणि मग "०एक्ससी०००००७बी" येणार. तो आकडा दिसला की दहापैकी नऊ वेळा ३२ आणि ६४ ची सरमिसळ समजायची.

क्यूटी ५.१५ वर राहा. क्यूटी ६ विंडोज ७ वर चालत नाही. विंडोज ७ ची मायक्रोसॉफ्टची मदत जानेवारी २०२० मध्येच संपली, त्यामुळे ती मशीनं नेटला जोडली जात नाहीत हे एका अर्थी बरंच आहे.

एपीआय-एमएस-विन-सीआरटी वाली तक्रार ही युनिव्हर्सल सीआरटीची (यूसीआरटी, विंडोजची पायाभूत सी लायब्ररी). विंडोज १० मध्ये ती अंगभूत आहे, ७ वर केबी२९९९२२६ या अपडेटमधून येते, आणि नेटशिवाय अपडेट कुठून येणार. दोन वाटा आहेत:

एक, व्हिज्युअल स्टुडिओनेच बांधायचं असेल तर विंडोज एसडीकेच्या रीडिस्ट फोल्डरमध्ये यूसीआरटीच्या एक्स८६ डीएलएल असतात. त्या सगळ्या, यूसीआरटीबेस धरून, तुमच्या ईएक्सईच्या शेजारी ठेवा. विंडोज १० त्यांच्याकडे दुर्लक्ष करून स्वतःचीच वापरतं, ७ त्या उचलतं. सोबत व्हिज्युअल सी++ च्या रनटाइम डीएलएल.

दोन, आणि तुमच्यासाठी हीच बरी: क्यूटी ५.१५.२ सोबत येणारा मिंगडब्ल्यू ८.१ (विंडोजसाठीचा मुक्त कंपायलर) चा ३२ बिट संच. तो जुन्या एमएसव्हीसीआरटीवर बांधतो, जी प्रत्येक विंडोजमध्ये असतेच. यूसीआरटीचा प्रश्नच मिटला. सोबत फक्त तीन डीएलएल जातात: लिबजीसीसी (नावात डीडब्ल्यू२ असलेली), लिब-एसटीडीसी++-६ आणि लिबविनपीथ्रेड-१. हो, लिनक्सवर जी भरू नका म्हणून वर सांगितलंय ती इथे भरायचीच, कारण विंडोजवर ती कुणाचीच आधीपासून नसते.

विनडिप्लॉयक्यूटी (लागणाऱ्या डीएलएल गोळा करणारं क्यूटीचं साधन) चालवताना "कंपायलर-रनटाइम" हा पर्याय द्या म्हणजे त्या तिन्ही येतात, आणि "नो-ओपनजीएल-एसडब्ल्यू" द्या म्हणजे सॉफ्टवेअर ओपनजीएलची जाडजूड फाइल येत नाही. साध्या विजेट प्रोग्रॅमला ती लागत नाही.

आयसीयूबद्दल एक. क्यूटीच्या विंडोज बांधणीत ती नसते, तुम्हाला वेगळी बांधावी लागेल, आणि तिचे सी++ वर्ग वापरत असाल तर त्याच मिंगडब्ल्यूने. एमएसव्हीसीने (व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरने) बांधलेली तयार डीएलएल जोडायला गेलात तर नावांची मोडणी (फंक्शनचं नाव फाइलीत लिहायची पद्धत) जुळत नाही. क्रमवारीपुरतीच वापरत असाल तर कोडमध्ये आयसीयूचा सी इंटरफेस वापरा, ही कटकट कमी होते.

डीएलएल सिस्टिम३२ मध्ये टाकायच्या नाहीत. नेटवर अजून तसे सल्ले सापडतात. ईएक्सईच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या की विंडोज तिथेच आधी शोधतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्याकडे होणारच. बऱ्याच वाचनालयांच्या मशीनवर वापरकर्त्याचं नाव देवनागरीत किंवा कन्नडमध्ये असतं, म्हणजे होम फोल्डर "सी:\यूजर्स\वाचनालय". देवनागरीला किंवा कन्नडला जुनं एएनएसआय कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा विंडोजचा जुना तक्ता) नाहीच. त्यामुळे जी सी लायब्ररी एफओपन वापरून फाइल उघडते, तिच्यापर्यंत तो पाथ पोचतो तो "सी:\यूजर्स\???????" असा. तुमची बारकोडवाली लायब्ररी चित्र थेट फाइलमध्ये लिहीत असेल तर लेबल कोरं छापलं जाईल आणि चूक कुठेच दिसणार नाही. लायब्ररीकडून चित्र मेमरीत घ्या आणि फाइल क्यूटीच्या क्यूफाइलने लिहा. विंडोज १० च्या १९०३ पासून मॅनिफेस्टमध्ये कोडपेज यूटीएफ-८ करता येतं, पण ७ त्याला जुमानत नाही, म्हणून तो उपाय तुमच्यासाठी अर्धाच.

डेटाबेस प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको, तिथे लिहिता येत नाही. प्रोग्रॅमडेटाखाली फोल्डर करा आणि इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनाच्या डिर्स विभागात त्याला "यूजर्स-मॉडिफाय" परवानगी द्या. नाहीतर सकाळच्या ग्रंथपालाने केलेली नोंद संध्याकाळच्याला दुसऱ्या खात्यातून बदलता येत नाही.

---

कणकुंबी_रोड

दोघांचेही आभार. मिंगडब्ल्यूचं कळलं, तेच करतो.

लिनक्सवर लिनक्सडिप्लॉय न वापरता आधी हाताने करून बघितलं: बिन फोल्डरमध्ये बायनरी, लिब फोल्डरमध्ये सगळ्या एसओ (लिनक्सच्या लायब्ररी) फाइली. मेकफाइलमध्ये आरपाथला (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते बायनरीतच लिहायची जागा) डॉलर-ओरिजिन (फाइल जिथे आहे तो फोल्डर), मग दोन टिंबं, मग लिब असं दिलं. क्यूटीकोअर सापडते, पण पुढे "लिबआयसीयूआय१८एन ६७ उघडता आली नाही" येतं. फाइल तर त्याच लिब फोल्डरमध्ये आहे! एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्रऱ्यांची जागा बाहेरून सांगणारं चल) दिला की चालतं. मग सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तेच टाकून मोकळं व्हावं का?

---

दुवाजोड_बेळगाव

नको की हो. आधी कारण बघा.

आताचे लिंकर आरपाथ म्हणून सांगितलेलं "रनपाथ" म्हणून लिहितात. रीडएल्फला छोटा डी पर्याय देऊन बघा, तोच शब्द दिसेल. रनपाथ हा ज्या फाइलमध्ये लिहिलाय तिच्या थेट गरजांपुरताच असतो. तुमच्या बायनरीला क्यूटीकोअर हवी, ती सापडली. पण आयसीयू हवी आहे क्यूटीकोअरला, आणि डेबियनच्या क्यूटीकोअरमध्ये तुमचा पाथ लिहिलेला नाही, म्हणून लोडर यजमानाच्या नेहमीच्या जागी शोधतो आणि हात हलवत परत येतो. जुना आरपाथ खालच्या साखळीलाही लागू व्हायचा, म्हणून जुन्या लेखांतल्या कृती आज अर्ध्याच चालतात.

उपाय: लिब फोल्डरमधल्या प्रत्येक एसओ फाइलला पॅचएल्फने "सेट-आरपाथ" देऊन नुसता डॉलर-ओरिजिन लिहा, म्हणजे "मी जिथे आहे तिथेच माझ्या शेजाऱ्यांना शोध". प्लगइन दोन फोल्डर आत असतात, त्यांना तिथून वर येऊन लिबकडे जाणारा पाथ. हे सगळं लिनक्सडिप्लॉय आपण होऊन करतो, म्हणून म्हटलं होतं.

डॉलर-ओरिजिन देताना एकेरी अवतरणात द्या. नाहीतर शेल त्याला स्वतःचं चल समजून रिकामं करतं आणि फाइलमध्ये उरतं नुसतं तिरकी रेघ, दोन टिंबं, लिब. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहावा लागतो. रीडएल्फने बघितल्याशिवाय बरोबर लिहिलं गेलंय असं मानू नका.

एलडी-लायब्ररी-पाथ स्क्रिप्टमध्ये का नको: तो पर्यावरणात राहतो आणि तुमच्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला वारशाने जातो. "मदत" बटणावर ब्राउझर उघडता, किंवा पीडीएफ दाखवायला दुसरा प्रोग्रॅम उघडता? मग त्यालाही तुमच्या जुन्या लायब्रऱ्या पाजल्या जातात. तो उघडतच नाही, किंवा अर्धवट उघडून मरतो, आणि दोष त्या प्रोग्रॅमवर जातो.

आणि एक. एलडीडीला (लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला) जे दिसत नाही ते विसराल. क्यूटीची प्लगइनं प्रोग्रॅम चालू झाल्यावर उचलली जातात, ती एलडीडीच्या यादीत येत नाहीत. तुम्हाला चार हवीत:

प्लॅटफॉर्म्समधलं एक्ससीबी (नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही), एसक्यूएल-ड्रायव्हर्समधलं एसक्यूलाइट ("क्यूएसक्यूलाइट ड्रायव्हर लोड झाला नाही"), प्रिंटसपोर्टमधलं कप्सचं (लिनक्सची छपाई-व्यवस्था), आणि चित्रांसाठी इमेजफॉरमॅट्समधलं जेपेग. प्रिंटसपोर्टचं नसेल तर कुठलीही चूक दिसत नाही, फक्त प्रिंटरची यादी रिकामी येते. मग लोक प्रिंटरची वायर बदलत बसतात. विंडोजवर याच जागी विंडोजप्रिंटरसपोर्ट. क्यूटी-डीबग-प्लगइन्स हे चल १ करून चालवलंत की कुठलं प्लगइन कुठे शोधलं आणि का नाकारलं ते सगळं टर्मिनलवर येतं.

---

गुंडाळणी

वरचं सगळं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, तरी मी विरुद्ध बाजूने बोलणार. भरणं सोपं आहे, भरलेलं सांभाळणं अवघड.

मार्च २००२ मध्ये झेडलिब या डेटा दाबणाऱ्या लायब्ररीमध्ये एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याची चूक सापडली. झेडलिब स्वतः दुरुस्त करायला वेळ लागला नाही. ती पोटात घेऊन बसलेले प्रोग्रॅम कोणते, हे शोधण्यात खरा वेळ गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीचं तेच, सीव्हीई-२०२३-४८६३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतली नोंद). ब्राउझरपासून चॅटच्या प्रोग्रॅमपर्यंत ज्याच्या-त्याच्या पोटात एक प्रत. प्रणालीची एक फाइल बदलून भागलं असतं तिथे प्रत्येकाने नवी आवृत्ती काढली. म्हणूनच डेबियनच्या धोरणात सोबत भरलेल्या कोडच्या प्रती टाळा असं कलम आहे, आणि फेडोराने २०१५ मध्ये नियम सैल केला तरी पॅकेजमध्ये "यात अमुक आवृत्तीची तमुक लायब्ररी भरलेली आहे" अशी नोंद करायला लावलीच.

तुमच्या गावांत नेट नाही, तेव्हा भरा. नाही म्हणत नाही. पण असं:

स्रोतात "थर्डपार्टी" नावाचं एकच फोल्डर. त्यात प्रत्येक लायब्ररी मूळ प्रकाशित टारबॉलमधून जशीच्या तशी. स्वतःचे बदल मूळ फाइलींत करायचे नाहीत, वेगळ्या पॅच फाइली ठेवायच्या आणि बांधताना लावायच्या. नाहीतर दोन वर्षांनी नवी आवृत्ती घेताना आपला बदल कुठला आणि त्यांचा कुठला हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. त्याच फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल: नाव, आवृत्ती, कुठून घेतली, शा२५६ बेरीज (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा), परवाना, कुठले पॅच. तुमच्याकडे पाच-सहा ओळींत संपेल. नवीन सीव्हीई आला की ती फाइल उघडायची आणि एका मिनिटात सांगायचं, आपल्याला लागू आहे की नाही.

सीमेक या बांधणीच्या साधनामध्ये प्रत्येक लायब्ररीसाठी एक कळ: "यूज-सिस्टिम-अमुक". तुमच्या पेनड्राइव्ह बांधणीत ती बंद. पण उद्या कुणी हे डेबियनमध्ये किंवा फेडोरात घेऊ म्हणालं तर त्याला ती चालू करून थर्डपार्टी फोल्डर पुसूनही बांधता आलं पाहिजे. मी सांगतोय म्हणून नव्हे, तुमच्या सीआयमध्येच (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत) अशी एक बांधणी ठेवा, ते फोल्डर खरोखर पुसून. नाहीतर कळ चालू दिसते आणि हेडर मात्र भरलेल्या प्रतीतून उचललं जातं: कंपाइल एका आवृत्तीवर, लिंक दुसरीवर. ही चूक शोधणं म्हणजे गणेशोत्सवात हरवलेलं पोर शोधणं.

एसक्यूलाइट मात्र बिनधास्त भरा. तिचे कर्तेच एका फाइलीत गोळा केलेला स्रोत देतात आणि तो तसाच आपल्या प्रोग्रॅमात घ्या म्हणतात. बघण्याची गोष्ट एकच: क्यूटीच्या एसक्यूलाइट प्लगइनमधून एक प्रत आणि तुमच्या कोडमधून दुसरी, अशा दोन प्रतींनी एकाच प्रोसेसमध्ये तीच डेटाबेस फाइल उघडू नका. पॉझिक्स लॉक (लिनक्सवरचं फाइलीचं कुलूप) प्रोसेसचं असतं, उघडलेल्या हँडलचं नाही. एका प्रतीने फाइल बंद केली की दुसरीचं लॉकही सुटतं आणि डेटाबेस बिघडू शकतो. म्हणून एकच वाट ठरवा.

इमेजफॉरमॅट्समध्ये जे लागत नाही ते काढून टाका. लेबल छापायला वेबपी कशाला? न भरलेल्या लायब्ररीला सीव्हीई लागत नाही.

गिट सबमॉड्यूल (आपल्या स्रोतात दुसरा प्रकल्प जोडायची सोय) वापरणार असाल तर: होस्टिंग साइट "स्रोत झिप" म्हणून आपोआप जी फाइल बनवते, तिच्यात सबमॉड्यूलचा मजकूर नसतो, रिकामी फोल्डरं असतात. लोक तीच उतरवतात आणि मग तुम्हाला पत्रं लिहितात. प्रकाशनासाठीचा टारबॉल स्वतः बनवा आणि वेगळा जोडा.

---

कणकुंबी_रोड

गुंडाळणी साहेब, एसक्यूलाइटच्या दोन प्रतींचं बरं सांगितलंत, बॅकअपचा कोड थेट एसक्यूलाइट वापरतो. तो क्यूटीमधून वळवून घेतो. परवान्यांचं आणि फॉन्टचं कुणी सांगेल का? आणि आयसीयूचा डेटाच २५ एमबीच्या वर जातोय, तो कमी करता येतो का?

---

चिकोडी_डेस्कटॉप

परवाने थोडक्यात. तुमचा प्रोग्रॅम जीपीएल ३, क्यूटीचे हे भाग एलजीपीएल ३, आयसीयूचा युनिकोड परवाना, लिबझिप बीएसडी, एसक्यूलाइट सार्वजनिक मालकीची. यात भांडण कुठेच नाही. करायचं एवढंच: "परवाने" फोल्डरमध्ये प्रत्येकाचा मजकूर, आणि स्रोत. बायनरी पेनड्राइव्हवर देताय तर स्रोताचे टारबॉलही त्याच पेनड्राइव्हवर टाका. स्रोत न देता लेखी हमी दिली तर ती किमान तीन वर्षं पाळावी लागते. त्यापेक्षा जागा खर्च करा. क्यूटीचा स्रोत मोठा आहे, पण पूर्ण संच नको, क्यूटीबेस पुरेल. लिनक्सच्या बांधणीसाठी डेबियनचं स्रोत-पॅकेज द्या, त्यात त्यांचे पॅच असतात. लिनक्सवरची जीपीएल-एलजीपीएल मंडळी आणखी कुठली आत आली ते ॲपडिरमधल्या फाइलींवरून एकदा तपासा.

ओपनएसएसएल वापरत नाही आहात तेच बरं. कधी लागलीच तर ३.० किंवा पुढची, ती अपाचे २ खाली आहे आणि जीपीएल ३ शी जुळते. १.१ चा जुना परवाना जीपीएलशी जुळत नव्हता, त्यासाठी वेगळं अपवादाचं कलम लिहावं लागायचं.

फॉन्ट सोबत द्याच. विंडोज आणि लिनक्सवर एकच लेबल सारख्या मापात यायला हवं, आणि कुठल्याशा उबुंटूवर कन्नडचा फॉन्ट नसला की चौकोन छापले जातात. नोटो सान्सचे देवनागरी आणि कन्नड हे दोन्ही ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत, प्रोग्रॅमसोबत देता येतात, फक्त परवान्याचा मजकूर सोबत ठेवा आणि फॉन्ट सुटा विकू नका. प्रणालीत इन्स्टॉल करायची गरज नाही, क्यूफॉन्टडेटाबेसच्या ॲड-ॲप्लिकेशन-फॉन्टने चालू होताना लोड करा आणि लेबलात फॉन्टचं नाव स्पष्ट लिहा. नुसतं "सान्स" लिहिलंत तर प्रत्येक मशीन आपापला उचलतं. आणि छापून बघताना ल आणि श नीट बघा. काही फॉन्टांत मराठी वळणाची अक्षरं लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी असेल तरच लागतात. ज्या फॉन्टाचं मूळ वळणच मराठी आहे तो निवडलात तर मशीनच्या सेटिंगवर अवलंबून राहावं लागत नाही.

---

दुवाजोड_बेळगाव

आयसीयूचा डेटा कमी करता येतो. आवृत्ती ६४ पासून डेटा गाळायची सोय आहे: आयसीयू-डेटा-फिल्टर-फाइल या चलात एका जेसन फाइलचा पाथ द्यायचा, तिच्यात "लोकेल-फिल्टर" खाली इंग्रजी, मराठी, कन्नड. ६७ मध्ये त्या यादीचं नाव "व्हाइटलिस्ट" आहे, ६८ पासून "इन्क्लूडलिस्ट". नवा लेख वाचून जुन्या आवृत्तीत लिहिलंत तर जमत नाही. शिवाय नुसत्या स्रोत टारबॉलमध्ये डेटा तयार केलेला येतो, तो गाळला जात नाही. "डेटा" नावाची वेगळी झिप उतरवून स्रोतातल्या डेटा फोल्डरवर उलगडावी लागते, आणि बांधणीला पायथन ३ लागतं. मग तयार झालेली लिबआयसीयूडेटा ६७ तेवढी बदलायची, बाकी दोन डेबियनच्याच.

पण करू नका असं म्हणेन. टार-एक्सझेडमध्ये ती बरीच आकसते, पेनड्राइव्हला भार नाही, आणि गाळलेला डेटा म्हणजे डेबियनच्या सुरक्षा-अपडेटनंतर पुन्हा सगळं स्वतः बांधणं. गुंडाळणी यांनी वर जे सांगितलं त्याच खड्ड्यात एक पाऊल.

शेवटची तपासणी अशी करा: ज्या मशीनवर बांधलंत तिथे नाही, कंटेनरमध्येही नाही. उबुंटू २०.०४, उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ च्या लाइव्ह यूएसबी करा, इन्स्टॉल न करता "वापरून बघा" निवडा, वायफाय बंद. पेनड्राइव्हवरची टार होममध्ये उलगडा, एलडी-डीबग चलाला "लिब्ज" देऊन प्रोग्रॅम चालवा आणि निघालेला मजकूर फाइलीत घ्या. त्यात आयसीयू, क्यूटी, लिबझिप तुमच्या फोल्डरमधून आणि एसटीडीसी++, फॉन्टकॉन्फिग यजमानाच्या फोल्डरमधून आलेले दिसले पाहिजेत. उलटं दिसलं तर तिथेच थांबा. मग "ज्ञानेश्वरी", "क्षितिज", "अंगण" आणि चार कन्नड नावं घालून अकारविल्हे लावा, एक लेबल पीडीएफमध्ये छापा, "मदत" दाबून ब्राउझर उघडतो का बघा.

विंडोज ७ साठी व्हर्च्युअल मशीन पुरे, पण त्यात व्हिज्युअल सी++ चं कुठलंही पॅकेज आधीपासून नको, आणि वापरकर्त्याचं नाव देवनागरीत ठेवा.